बाईवरच्या शिव्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या शाळांत, महिला मंडळांत आणि एखाद्या वाचनालयात मी अधूनमधून भाषेवर बोलते. शिव्यांचा विषय निघाला की हात वर होत नाहीत. प्रश्न चिठ्ठीवर येतात, नाहीतर रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर. शिवी देताना न वाटणारी लाज तिच्याबद्दल विचारताना मात्र वाटते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या शिव्यांबद्दल बोलायचं आहे त्या फुल्या न मारता लिहिल्या आहेत. अगदी गलिच्छ त्या सोडल्या. त्या कोणाला शिकवाव्या लागत नाहीत.

१. बाईवरची शिवी म्हणजे नेमकी कोणती? बाईला दिली की ती बाईवरची झाली का?

नाही. बाईला 'आळशी' म्हटलं तर शिवी बाईला गेली, पण ती बाईवरची नव्हे. उलट तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, दोन पुरुष हमरीतुमरीवर येतात, आसपास एकही बाई नसते, आणि एक जण दुसऱ्याच्या आईवर घसरतो. ती बाईवरची.

मी एकच कसोटी लावते: ही शिवी झोंबायला कोणती समजूत आधीपासून डोक्यात असावी लागते? 'आळशी' झोंबायला माणसाने काम करावं एवढी समजूत पुरते. 'छिनाल' झोंबायला बाईचं शरीर तिच्या एकटीचं नाही, त्याचा हिशेब तिने घराला, गावाला द्यायचा असतो, ही समजूत लागते. 'वांझोटी' झोंबायला मूल नसलेली बाई अर्धी असते असं मानावं लागतं. 'बायल्या' झोंबायला बाई असणं हीच खालची पायरी मानावी लागते. समजूत काढून घेतली की शिवी फुसकी होते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच कसोटी आहे, म्हणून ती इथेच नीट वाचून घ्या.

२. रागाच्या भरात तोंडातून जातं हो. अर्थ कोण बघतं?

देणारा बघत नाही, हे मान्य. पण अर्थ बघितला नाही म्हणून निवड झालीच नाही असं होत नाही. राग आला की तोंडातून 'तुझ्या काकाच्या' का येत नाही? आई आणि बहीणच का येते?

बापाचं काय होतं ते एकदा तपासून बघा. 'बापाचा माल आहे काय?', 'तुझ्या बापाचं काय जातं?', 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.' बाप येतो तो मालक म्हणून, नाहीतर पुरावा म्हणून. त्याच्या शरीराला कोणी हात लावत नाही. आई येते ती थेट शरीरानिशी, आणि तेही दुसऱ्या कोणीतरी तिच्यावर करायच्या कृत्यासकट. बापाची मालमत्ता आणि आईची विटंबना ही वाटणी रागात कोणी बसून ठरवत नाही. ती आधीच झालेली असते. रागात फक्त कुलूप निघतं.

३. 'रांड' म्हणजे विधवा ना? मग तो साधा शब्द आहे, शिवी कशी?

शब्द जुना आहे. संस्कृतातल्या 'रण्डा'पासून आलेला, आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशातही त्याला विधवा हा अर्थ दिलेला आहे. नवरा मेलेली बाई आणि शरीर विकणारी बाई यांना एकच शब्द, आणि तोच शब्द शिवी. शब्द साधा असल्याचा हा पुरावा म्हणून मला सांगतात. मला तर यात त्याच्याविरुद्धचाच पुरावा दिसतो. बाई कोणाच्या ताब्यात नाही, एवढं एकच त्या दोघींत सारखं आहे. शिवी बसते ती नेमकी तिथे.

विधुराला 'विधुर' म्हटलं तर कोणी अंगावर धावून येत नाही. लोक उलट विचारतात, पुन्हा बघायचं काय कुठे?

गोव्यात तर हे फारच विचित्र दिसतं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसला, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि निम्म्यावर बायकोचा हक्क असतो. म्हणजे नवरा वारला तरी कागदावर ती निम्म्या घराची मालकीण. त्याच घरात तिला हळदीकुंकवाला पुढे येऊ देत नाहीत. माझ्या आजीची धाकटी बहीण फार लहानपणी विधवा झाली. निम्म्या भाटाची, म्हणजे नारळीच्या बागेची, धनीण होती, नारळ तिच्या सहीशिवाय विकले जात नसत, आणि नारळ पाडणारे पाडेली तिला मान देऊन बोलायचे. पण बांधावरून भांडण झालं की शेजारी तिला एका शब्दात गप्प करायचा. तो शब्द खोटा नव्हता, म्हणूनच तिला उत्तर देता येत नसे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. प्रथा गेली तर शिवीखालची जमीन सरकते. शब्दाला मात्र मरायला वेळ लागतो.

४. आमच्याकडे कोंकणीत 'रांडेच्या' प्रेमाने म्हणतात. तेही वाईट धरायचं का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा किंचित दुखावल्या सुरात. मी समजू शकते. माझी आजी नातवाला मिठी मारून म्हणायची, 'आरे रांडेच्या, खंय आशिल्लो इतले दीस?' त्या वाक्यात माया होती, यात मला तिळमात्र शंका नाही. दोन जुने मित्र म्हापशाच्या बाजारात भेटतात आणि पहिला शब्द हाच निघतो. तिथेही कोणाचा अपमान होत नाही.

वापर वापर म्हणून शब्द बोथट होतो. 'मेल्या' म्हणताना कोणी मरणाचा विचार करत नाही. 'रांडेच्या' पुष्कळ तोंडांत तसाच झाला आहे. पण पूर्ण नाही, आणि याची परीक्षा सोपी आहे. तोच शब्द अशा माणसाला म्हणून बघा ज्याचा बाप लहानपणी वारला आणि ज्याला आईने एकटीने वाढवलं. किंवा ज्याच्या आईबद्दल गावात कुजबुज आहे त्याला. हसू तिथल्या तिथे थांबतं. म्हणजे विष सुकलं आहे, गेलं नाही. पाणी पडलं की पुन्हा चढतं.

आजीला मी कधी टोकलं नाही. मी स्वतः मात्र भाच्याला तसं म्हणत नाही. यात विसंगती आहे असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. गोव्यातले आपण मराठी वाचणारे-लिहिणारे पुष्कळ जण घरात कोंकणी बोलतो. त्यामुळे शिवी कोंकणीतून आणि उपदेश मराठीतून. कागदावर शिवी दिसली की अंगावर काटा येतो आणि घरापुढच्या बाल्कांवात बसून ऐकली की हसू येतं. काही जण यावरून 'कोंकणी शिवी सौम्य असते' असं ठरवून टाकतात. सौम्य काही नसते, ती ओळखीची असते एवढंच. पोर्तुगीज 'पुता'चा अर्थही तोच आहे. कानाला परका म्हणून तो बोचत नाही.

५. 'आवशीचो घोव' यात काय वाईट? आईचा नवरा म्हणजे बापच की!

व्याकरणाने बरोबर. हा प्रश्न विचारणारा नेहमी दुसऱ्याला पेचात पकडल्यासारखा हसतो, म्हणून मीही पेचातून सुरुवात करते: मग 'बापायची बायल' अशी शिवी का नाही? तीही आईच. तिथे काहीच झोंबत नाही, कारण बापाला बायको असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. 'आवशीचो घोव' झोंबते ती आईला घोव असतो, म्हणजे आईलाही शरीर असतं, आणि कदाचित तो घोव म्हणजे तुझा बाप नव्हेच, या सूचनेमुळे.

तरीही या शिवीची धार बाकीच्यांपेक्षा कमी आहे असं मला वाटतं. पेडणे-सावंतवाडी पट्ट्यात ती आश्चर्याचा उद्गार होऊन बसली आहे. पाऊस अचानक आला तरी म्हणतात, फणस पडला तरी म्हणतात. पावसाला आवय नसते. माणसाला असते, म्हणून माणसाला म्हणताना विचार करावा.

६. पुरुषांनाही शिव्या आहेतच. 'भाड्या', 'नामर्द', 'बायल्या'. झाली ना बरोबरी?

यादी पुन्हा वाचा. 'भाड्या' म्हणजे बाईच्या कमाईवर जगणारा. 'नामर्द' म्हणजे पुरुष म्हणून कमी पडलेला. 'बायल्या' म्हणजे बाईसारखा. शिवी पुरुषाला जाते, पण वाटेत बाईला चिखल लावून जाते.

यातली सर्वांत निरुपद्रवी वाटणारी म्हणजे बांगड्यांची. 'हातात बांगड्या भरल्या आहेत काय?' मोर्च्यात अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतात आणि फोटो काढतात, आणि त्या ठेवणाऱ्या पुष्कळदा बायकाच असतात. भात लावणीला गुडघाभर चिखलात उभ्या असणाऱ्यांच्या हातात बांगड्याच असतात, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

हे लिहिताना मी फार शहाणी होऊ नये म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी नववीच्या वर्गात एक मुलगा कवितेला चाल लावायला उठेना. लाजत होता. मी म्हणाले, 'काय रे, बांगड्या आणून देऊ?' वर्ग हसला. तो मुलगा दशावतारात स्त्री-पार्टी करायचा, हे मला माहीत नव्हतं. वर्गाला माहीत होतं. पुढे वर्षभर त्याला त्याच नावाने हाक मारत होते. तो शब्द मी दिला होता.

खास पुरुषांच्याच म्हणाव्यात अशा शिव्या आहेत, नाही असं नाही. 'मुडदा', 'टोणगा', 'रेडा'. त्यात मरण आहे आणि जनावर आहे. बहीण नाही.

७. बायकाच बायकांना जास्त शिव्या देतात. नुस्तेंकान्नींचं भांडण ऐकलंय का?

ऐकलं आहे. पण भावाच्या वाटणीचं भांडण एखाद्या प्रतिष्ठित घरात दार लावून कसं होतं, तेही ऐकलं आहे. फरक दाराचा आहे. मासळी विकणारीला दार नसतं. ती पहाटेपासून बाजारात उघड्यावर बसलेली असते, आणि भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक, सोपो (बाजारातल्या जागेचा कर) वसूल करणारा, जागा बळकावणारा, सगळ्यांशी तिला आवाजावरच निभवावं लागतं. 'नुस्तेंकान्नीसारखी भांडू नको' हे आपण मुलींना सांगतो, तेव्हा बाई, धंदा आणि जात तिन्ही एका फटक्यात खाली जातात. ते वाक्यच या पानावर शिवी म्हणून नोंदवायला हवं.

बायका देतात म्हणून शिवीचा अर्थ बदलत नाही. 'पांढऱ्या पायाची' हे सासूच सुनेला म्हणते. ती समजूत तिनेही त्याच घरात गिळलेली असते.

८. 'भवानी', 'सटवी', 'महामाया' ही तर देवीची नावं. त्यांनी अपमान कसा होईल?

आपल्या गावागावांत सातेरी आहे, शांतादुर्गा आहे, केळबाय आहे. जत्रेत तिच्यापुढे लोटांगण घालायचं, आणि घरी सून उलट बोलली की 'आली भवानी!' मला यात विरोधाभास दिसत नाही. देवी चालते ती गाभाऱ्यात. तिच्यासारखी रागावणारी, स्वतःच्या मर्जीने वागणारी बाई स्वयंपाकघरात चालत नाही. सटवी सहाव्या रात्री बाळाचं नशीब लिहून जाते. एवढा अधिकार असलेली बाई शिवी होणारच होती. 'राम' आणि 'विठोबा' यांची अशी शिवी झालेली नाही. फार तर 'नंदीबैल' आणि 'कुंभकर्ण'.

बाकी या शिव्यांत मला थोडा आनंदही वाटतो, हे कबूल. 'भवानी' म्हटल्यावर आमची एक मावशी 'हो, आणि आठ हात आहेत' म्हणायची.

९. 'कलावंतीण', 'नायकीण', 'भाविण' म्हणणं आता शिवी धरायची का? पूर्वी ती कामाची नावं होती.

कामाचीच होती. गोव्याच्या देवळांत गाणं, नाच, दिवटी धरणं, देवाची सेवा यासाठी बांधलेल्या बायकांना ही नावं होती, आणि त्या नावांआडून देवळांच्या महाजनांनी, भाटकारांनी (जमीनदारांनी) त्यांच्या शरीरावर हक्क सांगितला. मग हक्क सांगणाऱ्याचं नाव शिवी झालं नाही. ज्यांच्यावर सांगितला त्यांचं झालं. 'कलावंत' म्हटलं की आपण सत्काराची शाल काढतो आणि 'कलावंतीण' म्हटलं की तोंड वाकडं करतो. एका प्रत्ययाने एवढी उंची कमी होते.

या समाजातल्या लोकांनी स्वतः संघटित होऊन ती प्रथा मोडली, मुलामुलींना शिकवलं, आणि त्याच समाजातून मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, दयानंद बांदोडकर, झाले. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ही नावं तर हिंदुस्थानी संगीताला पुरून उरली आहेत. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर चढली आणि त्यातलं पहिलं यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तो आवाज आता तिथे आहे, आणि इथे अजून कोणाच्या तरी सुनेला, ती जरा नटली की, 'कलावंतिणीसारखी दिसतेस' असं सांगतात.

इतिहास सांगताना हे शब्द वापरावे लागतात, वापरावेत. जिवंत माणसाला त्याच्या पणजीवरून ते चिकटवणं, ही शिवी. ती फक्त बाईवरची नाही, जातीवरचीही आहे.

१०. शिमग्याला तर शिव्या देण्याची परवानगीच असते ना?

असते. 'शिमगा करणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. बोंब मारायची, वर्षभराचं साठलेलं ओकून टाकायचं, होळी विझली की गप्प. वर्षातून एकदा झाकण उघडलं तर मला काही म्हणायचं नाही. पण बोंब कोणाच्या नावाने मारली जाते ते ऐका. पूर्वी सावकाराच्या नावाने, भाटकाराच्या नावाने मारत असत तर त्यात दम होता. गावातल्या एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारासमोर थांबून मारली तर तो शिमगा नव्हे. तिथे प्रश्न १२ लागू होतो.

११. आम्ही मैत्रिणी एकमेकींना मुद्दाम असल्या शिव्या देतो, त्या आमच्याच करून टाकल्यात. चालेल?

मला विचारायची गरज नाही. तुमच्यात चालतं तोवर चालतं. एवढंच, की बाजूच्या टेबलावरच्या मुलाने तोच शब्द उचलून तुम्हाला म्हटला तर तुम्हाला राग येईल की नाही? येणार असेल तर शब्द अजून पुरता तुमचा झालेला नाही.

१२. कायद्याने हा गुन्हा आहे का?

प्रत्येक शिवी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि साधारण तीन कलमांचा संबंध येतो. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला शब्द, आवाज, खाणाखुणा यांसाठी कलम ७९ (जुनं ५०९), शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारून इतरांना उपद्रव दिला तर कलम २९६ (जुनं २९४). शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानाला कलम ३५२ (जुनं ५०४). दोन पुरुषांच्या भांडणातल्या आईवरच्या शिवीला बहुतेक वेळा हेच लागतं, कारण ज्या बाईवरून शिवी दिली ती तिथे नसते.

'हेतू' हा शब्द लक्षात ठेवा, खटले तिथेच अडकतात. शिवी घाण आहे एवढ्याने ती अश्लील ठरत नाही; २०२४ साली एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असभ्य भाषा आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं स्पष्ट केलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीत आहे, जुन्या ५०९ मधला 'शब्द उच्चारणे' म्हणजे फक्त तोंडाने बोलणं नव्हे, ईमेलमध्ये लिहिलेलंही त्यात येतं, असा निर्वाळा दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

'विनयशीलता' हा कायद्याचा शब्द मला स्वतःला खटकतो. बाईचा अपमान झाला असं म्हणायला आधी ती विनयशील ठरावी लागते, असा त्यातून वास येतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. 'चारित्र्यवान स्त्री' आणि 'चारित्र्यहीन स्त्री' या दोन्ही अर्थांच्या शब्दांऐवजी नुसतं 'स्त्री' लिहा, असं तिने सुचवलं. हे मला पटतं.

तातडीची वेळ असेल तर ११२. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. संदेश असेल तर पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

१३. कामाच्या जागी साहेब सगळ्यांनाच शिव्या देतो, बाई-पुरुष न बघता. तक्रार होते का?

होऊ शकते. 'सगळ्यांनाच देतो' हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. लैंगिक अर्थाची शेरेबाजी ही २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळाच्या व्याख्येतच आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, मग ती वेर्ण्याची फॅक्टरी असो की कळंगुटचं हॉटेल. त्याहून छोटी जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. नुसता आरडाओरडा, कामावरून केलेला अपमान, हे या कायद्यात आपोआप येत नाही. तिथे वेगळा मार्ग लागतो.

१४. आठ वर्षांचा मुलगा आईवरून शिवी देऊन आला. मारू की काय करू?

मारून शिवीची किंमत वाढते. अर्थ विचारा. 'म्हणजे काय रे?' बहुतेक मुलांना ठाऊक नसतो, कोणीतरी मोबाइलवर खेळताना ऐकलेलं असतं. त्याला झेपेल एवढा सांगा: ही कोणाच्या तरी आईला दुखवायची गोष्ट आहे, आणि ती आई इथे नाही. चौदा वर्षांच्या मुलाला पूर्ण अर्थ सांगा, शब्दशः, चेहरा न बदलता. मी हे वर्गात करून पाहिलं आहे. दोन मिनिटं खिदळतात, मग गप्प होतात.

१५. आणि शिव्या देणारे सासरे असतील तर?

सत्तरीतला माणूस बदलेल या आशेवर राहू नका. पण नातवंडांसमोर नको, एवढी एक मागणी करता येते, आणि ती नवऱ्याने करायची असते, सुनेने नव्हे. 'मामंजी, मुलं ऐकतात' हे वाक्य सुनेच्या तोंडून गेलं की ती 'आगाऊ' ठरते. तुम्हाला उद्देशून रोजची शिवीगाळ चालू असेल तर तो भाषेचा प्रश्न राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ येतो.

१६. दंड लावला तर शिव्या थांबतील का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली की पाचशे रुपये दंड. आपल्या ग्रामसभेतही तसं करावं का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. दंडाने शिव्या थांबतात की हळू आवाजात दिल्या जातात, याबद्दल मी साशंक आहे. पण शिवी हा ग्रामसभेचा विषय होऊ शकतो, रस्ता आणि नळ यांच्या शेजारी, हे मला आवडलं. आपल्याकडच्या ग्रामसभेत मुळात तो ठराव मांडताना किती शिव्या पडतील हा वेगळा भाग.

१७. नाटकात, कथेत पात्राच्या तोंडी शिवी असली तर काढायची का?

काढू नका. दारुड्या पात्र 'हे मूर्खा' म्हणायला लागलं तर प्रेक्षक उठून जातील. पात्र काय बोलतं ते पात्राचं. लेखक त्या शिवीवर हशा वसूल करत असेल तर ते लेखकाचं.

१८. मग राग आला तर म्हणायचं तरी काय?

मराठी एवढी गरीब नाही. नतद्रष्ट, दळभद्री, ऐतखाऊ, चुकार, लबाड, आगलाव्या, पळपुटा, उंटावरचा शहाणा. कोंकणीतून 'फटिंग' घ्या, कानाखाली वाजल्यासारखा शब्द आहे. हे सगळे त्या माणसाने काय केलं त्यावर बोट ठेवतात, म्हणून जास्त झोंबतात. 'तुझ्या आईला' म्हटलं तर तो तुम्हालाही तेच म्हणेल आणि हिशेब फिटेल. 'ऐतखाऊ' म्हटलं तर त्याला विचार करावा लागेल.

१९. फुटबॉलच्या मॅचला रेफरीने चुकीची पेनल्टी दिली तर?

हा प्रश्न एका हायस्कूलच्या मुलांनी पाठवला, सात जणांच्या सह्यांनिशी, म्हणून शेवटी ठेवला. रेफरीच्या आवयचा पेनल्टीशी काही संबंध नाही. ती त्या वेळी घरी चवथीच्या नेवऱ्यांसाठी नारळ खवत असेल. 'आंधळो' म्हणू नका, आंधळ्यांनी तुमचं काय वाकडं केलं आहे? मी सुचवलेलं 'अक्कलशून्य' मुलांनी लगेच फेटाळलं: लांब आहे, ओरडता येत नाही. त्यांनी स्वतः ठरवलं ते 'चशमो घाल रे!' मागच्या आंतरशालेय सामन्यात ते एकसुरात घुमलं. रेफरी चष्मा लावणारा निघाला. त्याने खेळ थांबवून तो काढला, शर्टाला पुसला, परत लावला, आणि पेनल्टी कायम ठेवली.